ठेंगणीची तहान

टुणके हे नाव सासूबाईंनी दिलेलं. शास्त्रात त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात, पण सासूबाईंचं शास्त्राशी फारसं सख्य नव्हतं. कुंडीतली माती जरा उकरली की तिळाहून लहान असे करडे जीव टुणकन उडतात, म्हणून ते टुणके. त्यांच्या पोटाखाली बेचक्यासारखा एक काटा दुमडून खिटीत अडकवलेला असतो. खिटी सुटली की काटा जमिनीवर आपटतो आणि टुणका हवेत. कुठं जाऊन पडेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांचंही तसंच. निघतात संग्रहालयात जायला, आणि संध्याकाळी सापडतात कुठल्या तरी ओढ्याच्या काठी."

आयुष्यभर त्यांनी टुणक्यांना नावं ठेवली. बाबांनीही ठेवली, फरक एवढाच, की बाबांनी ठेवलेली नावं लॅटिनमध्ये छापून यायची.

बाबा म्हणजे त्यांचे यजमान, संग्रहालयाच्या कीटक विभागातून निवृत्त झालेले. मधूनमधून कॉलेजात शिकवायचे, म्हणून बाहेर सगळे त्यांना सर म्हणत. त्यांची सून त्याच विभागात मागच्या खोलीत कामाला होती. आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या मुलाची बायको. म्हणजे बोलणी खायची दुहेरी सोय. विभागात तिला बाटलीबाई म्हणत. नव्या माणसाचा त्यावरून गैरसमज व्हायचा, पण तिची खोली पाहिली की दूर व्हायचा. खोलीभर फळ्या, फळ्यांवर रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तळाशी प्लास्टरमध्ये कोळशाची पूड कालवून ओतलेला करडा थर, आणि त्या थरावर जिवंत टुणके. प्लास्टर पाणी धरून ठेवतं. ड्रॉपरनं थोडे थेंब सोडले की ते पिऊन काळसर होतं आणि टुणके त्यावर सुखानं नांदतात, अंडी घालतात, कात टाकतात. बाबांचा संसार मेलेल्या टुणक्यांशी: त्यांना स्पिरिटात बुडवायचं, काचपट्टीवर आडवं करायचं, अंगावरचा एकेक केस मोजायचा. सुनेचा संसार जिवंत टुणक्यांशी. जेवताना दोघांचे केसांवरून वाद रंगायचे, आणि सासूबाई वाढता वाढता म्हणायच्या, "ताटावर केसांचा विषय नको, पुन्हा सांगतेय."

बाबांनी टुणक्यांच्या डझनावारी नव्या जाती शोधल्या होत्या. प्रजाती मात्र एकही नाही. दोन्हींतला फरक त्यांनी एकदा सासूबाईंना समजावला होता तो असा: जात म्हणजे बिऱ्हाड आणि प्रजाती म्हणजे इमारत. नवं बिऱ्हाड असलेल्या इमारतीत कुठंतरी बसवता येतं. पण एखादा जीव असा निघतो की तो कुठल्याच इमारतीत मावत नाही. मग त्याच्या एकट्यासाठी नवी इमारत उभारावी लागते. "म्हणजे तुम्ही जन्मभर भाडेकरूच शोधलेत," सासूबाई म्हणाल्या होत्या. बाबा हसले होते, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

अशा बोलक्या बाई, पण शेवटची दोनेक वर्षं त्या गप्प झाल्या. खिडकीशी बसून राहायच्या, ताटातलं चिवडायच्या, कुणी काही विचारलं तर टोचून उत्तर द्यायच्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. बाबा गोंधळले, आणि गोंधळलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. कामात डोकं खुपसलं. निवृत्त झाल्यावर ते संग्रहालयात पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागले. कधीकधी सुनेला म्हणत, "तुझ्या सासूच्या जागी कुणी दुसरीच आणून बसवलीय बघ. ही ती नव्हे." थट्टेच्या सुरात म्हणत, पण थट्टा त्यात नावापुरतीच असायची.

मग एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या, आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. हे बोलण्यापुरतं नव्हे. ते खरोखरच कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. दाढी वाढली, चष्मा उशाशी धूळ खात पडला, सूप निवून जाऊ लागलं. त्यांचा मुलगा, म्हणजे बाटलीबाईचा नवरा, बेकरी चालवायचा. भट्टी लावायला निघण्याआधी तो बापाच्या दारात क्षणभर उभा राहायचा, पाठमोऱ्या बापाकडे बघायचा आणि जिना उतरायचा.

शेवटी उन्हं तापल्यावर बाटलीबाईनंच त्यांना गच्चीवर पिटाळलं. गच्चीची किल्ली तिच्या ताब्यात असायची, त्यालाही कारण होतं. पाण्याच्या टाकीमागे शेवाळाचा पट्टा होता, आणि पूर्वी एकदा ओल्या शेवाळावरून पाय घसरून बाबांचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून तिनं नियम घालून दिला होता: गच्ची कोरडी असेल तरच किल्ली मिळेल, ओली असेल तर नाव काढायचं नाही. बाबांनी कुरकुरत का होईना, तो पाळला होता. आता गच्ची खडखडीत होती. तिनं किल्ली त्यांच्या हातात कोंबली. "जरा ऊन खाऊन या, बाबा. भिंत कुठं पळून जात नाही."

ते ऊन खाऊन आले, आणि येताना खिशात वाळकं शेवाळ घेऊन आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा. घरात त्यांचं जुनं फनेल होतं. फनेलमध्ये जाळीवर शेवाळ ठेवायचं, वर दिवा लावायचा, खाली स्पिरिटची कुपी. दिव्याची धग लागली की बिचारे जीव ओलाव्याच्या आशेनं खाली खाली सरकतात आणि टपकन कुपीत पडतात. दुसऱ्या दिवशी बाटलीबाई कामावरून आली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला.

"सूनबाई, इकडं ये. चप्पल काढत बसू नकोस, ये."

तिनं वाकून पाहिलं. टुणका होता, पण असा टुणका तिनं पाहिला नव्हता. आखूड, गुबगुबीत, फिकट निळसर. शेपटीकडे काट्यांची जोडी. तोंड इतकं बारकं की यानं काही खाल्लं असेल असं वाटू नये. आणि पोटाखाली, जिथं बेचकं असायचं, तिथं काहीच नाही. सपाट.

"हिला उडताच येत नाही," बाबा हळू आवाजात म्हणाले. "टुणकी आहे, आणि उडत नाही. ही कुठल्या इमारतीत घालशील?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी बाबांनी दाढी केली. मुलानं बेकरीतून आल्यावर बापाचा गुळगुळीत गाल पाहिला आणि तो स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिला. तो रडत होता हे बाटलीबाईला कळलं, पण तिनं विचारलं नाही.

त्या जिवाला बाबा ठेंगणी म्हणू लागले, आणि तो सगळा उन्हाळा ठेंगणीचा झाला. दुपारी रस्ते ओस पडत, खालच्या दुकानांची शटरं अर्धी उतरत, आणि पडदे ओढलेल्या त्या खोलीत नुसता सूक्ष्मदर्शकाचा दिवा असे. बाटलीबाईला सुट्टी असली की तीही शेजारी बसायची. काचेतून पाहता पाहता खोली विरून जायची. ठेंगणीची पाठ एखाद्या टेकडीएवढी व्हायची, तिच्यावरचे केस वाऱ्यावाचून उभे असलेले, आणि आपण त्या टेकडीवर अनवाणी चालतोय असं तिला वाटायचं. बाबा आरसा लावलेल्या नळीतून बघत कागदावर रेघा ओढायचे. मध्येच पेन्सिल थांबायची, दोघांनाही डुलकी लागायची, आणि डुलकीतही ठेंगणी दिसायची, सावकाश, कुठलीही घाई नसलेली. जागं झाल्यावर बाबा म्हणायचे, "कुठवर आलो होतो आपण?" आणि ती म्हणायची, "अंगाच्या चौथ्या वळ्याच्या डाव्या केसापाशी."

प्रजातीला नाव द्यायचं होतं, ते बाबांनी आधीच ठरवलं होतं. तरुणपणी ते सासूबाईंना एका लाडक्या नावानं हाक मारायचे, ते. काय नाव ते इथं सांगत नाही. ते त्या दोघांतलं होतं, आणि सुनेलाही ते फक्त लाल चिठ्ठीवर वाचायला मिळालं. नव्या जिवाचं नाव छापलं जातं तेव्हा सगळ्या नमुन्यांतला एकच निवडतात आणि ते नाव कायमचं त्याच्याशी बांधतात. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी त्या एकाकडेच यावं लागतं. त्या काचपट्टीवर लाल चिठ्ठी लावायची पद्धत असते. बाबांनी चिठ्ठी कापली, बारीक अक्षरात नाव लिहिलं, आणि ती पत्र्याच्या डबीत ठेवली. पट्टीवर लावायची ती लेख छापायला गेल्यावर, आधी नाही. त्या बाबतीत ते कर्मठ होते.

"भाडेकरू नाही हं ही," डबीचं झाकण लावताना ते रिकाम्या खिडकीकडे बघून म्हणाले. "इमारत आहे. तुझ्या नावाची."

त्याच शेवाळातून वेचलेल्या काही जिवंत ठेंगण्या बाटलीबाईनं आपल्या खोलीत एका बाटलीत ठेवल्या होत्या. गच्चीवरच्या हवेची सवय असेल म्हणून पाणी बेताचंच देत होती. एके सकाळी फळीवरची ती बाटली तिनं उचलली तर झाकणाच्या आतून वाफेचा एक थेंब खाली गळून प्लास्टरवर ओला ठिपका पडला होता, आणि ठिपक्याभोवती ठेंगण्या गोळा झाल्या होत्या. शेजारी टाकलेली कात, पारदर्शक, पोकळ. तिनं बाटली भिंगाखाली धरली. कात टाकलेली ठेंगणी किंचित लांब झाली होती. तिच्या पोटाखाली कोंबासारखं काहीतरी फुटलं होतं. दोन टोकांचं.

बाटलीबाईनं भिंग खाली ठेवलं. तिला एक वर्ग आठवला, पिवळ्या बाकांचा, आणि फळ्याशी उभे असलेले तेव्हाचे बाबा. ते सांगत होते की काही टुणके उन्हाळ्यात रूपच बदलतात. पाणी आटलं की त्यांचं बेचकं आक्रसतं, तोंड मिटत जातं, अंगावर काटे येतात. खाणंपिणं सोडून ते नुसते थांबून राहतात, पाण्याची वाट बघत. ओल आली की कात टाकून पुन्हा पहिल्यासारखे. भले भले फसले, म्हणत होते बाबा, एकाच जिवाला दोन नावं देऊन बसले. आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "एका ऋतूच्या ओळखीवर सोयरीक करू नका. चारही ऋतूंत त्याच्या दारात जाऊन या." वर्ग हसला होता. तीही हसली होती.

चारही ऋतूंत. आणि बाबा गच्चीवर गेले होते ते फक्त कोरड्या ऋतूत, कारण ओल्यात जायला बंदी होती. बंदी तिनंच घातली होती. ही ठेंगणी मुळात कुठल्याही टुणक्याचं उन्हाळी रूप असो, ती प्रजाती बाटलीबाईच्या किल्लीनं जन्माला घातली होती.

तिनं झाकण उघडलं, टिपकागदाचा कपटा चिमट्यात धरला आणि तो ओला ठिपका टिपून घेतला. आजवर तिनं बाटल्यांना पाणी घातलं होतं. काढून घेतलं नव्हतं.

त्यानंतर ती त्या बाटलीला जीव तगेल इतकंच पाणी द्यायची, त्याहूनही थोडं कमी. जोवर बाटली सुकी तोवर ठेंगणी ठेंगणी होती. ओली केली तर काय निघेल ते तिला साधारण दिसत होतं: कुंडीतला करडा टुणका, ज्याला कुणी ढुंकून बघत नाही, ज्याला सासूबाई झारीनं भिजवायच्या आणि नावं ठेवायच्या तो. पण दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं. तिनं पाहायचं टाळलं.

नवऱ्याला तिनं सांगितलं. तो दुपारी झोपून उठला होता, भुवईत अजून पीठ होतं.

"मग सांगू नकोस," तो म्हणाला.

"अरे, पण खोटं छापून येईल."

"येऊ दे. टुणक्यांवर लिहिणारी माणसं जगात आहेत तरी किती?"

"बोटांवर मोजण्याइतकी."

"मग झालं तर. दहा वर्षं कुणी फिरकत नाही. आणि फिरकलं तर तोवर..." त्यानं वाक्य गिळलं. मग म्हणाला, "तू त्यांचा चेहरा बघतेस. मी रोज त्यांची पाठ बघत होतो. मला ती परत बघायची नाही."

तिलाही ती पाठ नकोच होती. सासऱ्यांवर तिचा जीव होता, अगदी सख्ख्या बापावर असावा तितका, आणि त्यांनी शिकवलेलं प्रत्येक अक्षर तिनं खरं मानलं होतं. आता त्या दोन्हींत जुंपली होती.

उन्हाळा उतरणीला लागला तसा लेख पुरा झाला. चित्रं झाली, वर्णन झालं. बाबांनी कागद नीट जुळवून तिच्यापुढे ठेवले. "एक वाक्य तेवढं तुझं हवंय. तुझ्या बाटल्यांचं. ओलाव्यात वाढवून पाहिलं, तरी रूप बदललं नाही, एवढंच. कुणी उन्हाळी रूपाची शंका काढायला नको."

म्हणजे वर्गातलं त्यांना आठवत होतं. तिनं जुळवलेले कागद पुन्हा जुळवले.

"लिही की."

"थोडे दिवस जाऊ देत, बाबा. अजून... अजून खात्री नाही झाली."

"मग बाटलीच घरी आण. मलाही बघू दे. जन्मभर मेलेल्याच पाहिल्या, एक चालतीबोलती पाहू दे."

चार वेळा टाळल्यावर पाचव्यांदा टाळता येईना. तिनं बाटली रुमालात गुंडाळून आणली. दुपार होती, पडदे ओढलेले, गल्लीत कुणीतरी एकसारखं लाकडावर रंधा मारत होतं. बाबांनी दिवा सरकवला, झाकण काढलं आणि डोळा लावला. तिला माहीत होतं ते काय बघताहेत. प्लास्टर पांढरं पडून काचेपासून सुटलं होतं. कडेच्या फटीत ठेंगण्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. काही आक्रसून गेल्या होत्या, त्या आता हलणार नव्हत्या.

"पाणी कधी दिलं होतंस?" बाबांनी विचारलं.

ती रुमालाची घडी घालू लागली.

"सूनबाई, तुला विचारतोय. तुझ्या खोलीत आजवर एक बाटली सुकलेली पाहिली नाही मी. साथीच्या तापात उठून पाणी घालायला गेलेली तू. ही का सुकली?"

"एक थेंब गळला होता झाकणाचा," ती म्हणाली. "एकीनं कात टाकली होती. मी तो टिपून घेतला."

"का?"

"तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड कराल म्हणून."

रंध्याचा आवाज थांबला होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओरडतील असं तिला वाटलं. विद्यार्थ्यांवर ओरडायचे तसे ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी फक्त हात पुढे केला. "ड्रॉपर."

तिनं पिशवीतून काढून दिला. त्यांनी पेल्यातलं पाणी ओढून घेतलं आणि ड्रॉपर बाटलीवर धरला. हात तिथंच थांबला. थेंब ड्रॉपरच्या टोकाशी फुगला, त्यात खिडकीची उलटी फट दिसत होती, उजळ. तेवढा थेंब पडला की जन्मभराची एकुलती इमारत जाणार होती, नावासकट. हे त्यांना कळत होतं आणि तिलाही कळत होतं, आणि थेंब काही पडत नव्हता. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. एकदा तर तिला वाटलं, आपण सगळेच त्या थेंबात आहोत, ही खोली, टेबल, ओढलेले पडदे, आणि बाहेरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आपण कुठल्या जातीचे असू असा विचार करत.

"तहानलेल्याला पाणी पाजताना जात विचारत नाहीत म्हणतात," बाबा म्हणाले. "मी तर प्रजाती विचारत बसलो."

आणि त्यांनी बोटं दाबली.

प्लास्टरनं पाणी पिऊन टाकलं. आणखी एक थेंब, आणखी एक. पांढऱ्यावर काळसर डाग पसरत गेला, फटीपर्यंत पोचला, आणि एक ठेंगणी सावकाश वळून त्याच्याकडे चालू लागली. तिच्यामागे दुसरी. पाण्याच्या कडेशी येऊन त्या तोंड टेकवून थांबल्या. बाबांनी झाकण लावलं.

पुढचे दिवस बाटली त्यांच्या उशाशी होती. बाटलीबाई रोज सकाळी दारातून डोकावायची. बाबा उठून बसलेले असत, भिंग हातात. लेखाचे कागद टेबलावर तसेच होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता. बाहेर हवा पालटत चालली होती. आकाश दबून आलं होतं, वाळत घातलेले कपडे दिवसभर दमट राहत. बाटलीत काती साठू लागल्या. आधी कोंब दिसला, मग त्याची दोन टोकं, मग त्यांना सांधा. शेपटीकडले काटे एका कातीबरोबर गेले ते गेलेच. निळसर रंग मावळून करडा चढू लागला. दर वेळी बाबा बघून "हं" एवढंच म्हणत.

मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. ती धावत गेली. तिच्यामागून नवराही आला, पिठाच्या हातांनी. बाबांनी भिंग बाजूला ठेवलं होतं, आता भिंगाची गरज नव्हती. त्यांनी बाटलीच्या काचेवर नखानं टिचकी मारली.

टुणकन.

झाकणावर काहीतरी आपटल्याचा इतका बारीक आवाज आला की तो ऐकू आला की नुसता वाटला, हे तिघांनाही कळलं नाही. बाबांनी पुन्हा टिचकी मारली. दोन-तीन एकदम उडाल्या.

"तीच आहे," बाबा म्हणाले. "कुंडीतली. तीच आहे गं."

ते उठले. टेबलावरची पत्र्याची डबी उघडून त्यांनी लाल चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा आत ठेवून झाकण लावलं. डबी सुनेच्या हातात दिली. मग पलंगाकडे गेले, आडवे झाले, आणि कुशीवर वळले. भिंतीकडे.

नवऱ्यानं बाटलीबाईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर तिला सोसला असता. तो बाहेर गेला. ती डबी हातात धरून तिथंच उभी राहिली. वर गच्चीवर झिमझिम चालू होती, पन्हळीतून पाणी उतरत होतं. सासऱ्यांची पाठ तिला दिसत होती, सदऱ्याखाली हाडांची, आणि तिला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. दहा वर्षं. दहा वर्षं कुणाला कळलं नसतं.

"सूनबाई," बाबा भिंतीकडूनच बोलले.

"आहे मी इथंच."

"दोन वर्षं मी म्हणत होतो ना, ही दुसरीच कुणी आहे म्हणून."

तिनं डबी टेबलावर ठेवली.

"दुसरी नव्हती. तीच होती. सुकली होती नुसती." ते थांबले. "आणि मी हे वर्गात शिकवायचो."

ती पुढं होऊन पलंगाच्या कडेवर बसली. त्यांच्या दंडावर तिनं हात ठेवला. आजवर असा ठेवला नव्हता. गुरू आणि सासरा, दोन्हींच्या मध्ये तेवढी जागाच नसते. बाबांचं अंग हलत होतं. तिनं हात काढला नाही. पन्हळीचं पाणी वाहत राहिलं. केव्हातरी त्यांचा श्वास संथ झाला, इतका की त्यांना झोप लागली असं तिला वाटलं.

पण ते जागे होते. ते वळले. आधी खांदा, मग सबंध, सावकाश, आणि तोंड खोलीकडे झालं. डोळे लाल होते. त्यांनी उशाशी चाचपून चष्मा शोधला.

"अर्धं पान पुरेल," ते म्हणाले. "उन्हाळी रूप, एवढंच. बाटलीतलं सगळं तू लिही, तुझं नाव आधी. चित्रं आहेतच, ती वाया जायची नाहीत. ओल्या रूपाची तेवढी नव्यानं काढावी लागतील." ते उठून बसले आणि पायानं चपला शोधू लागले. "किल्ली दे गच्चीची."

"बाबा, बाहेर ओलं आहे."

"ठाऊक आहे. ओल्यात मी तिला कधी पाहिलंच नाही."

तिनं खुंटीवरून किल्ली काढली. मग छत्री घेतली, आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड घट्ट धरून ती त्यांच्याबरोबर जिना चढू लागली.